ब्रिसलनोजची अंडी पाइपबाहेर का पडतात?

प्रश्न कोथरूडहून आलाय. थोडक्यात असा: माशांची दोन फुटी टाकी, त्यात चार ब्रिसलनोज (काचेला चिकटणारा, नाकावर मिशा असलेला मासा), शिवाय दोन एंजल आणि तीन योयो बोटिया हे दुसरे मासे. ब्रिसलनोज घेऊन दीड वर्ष झालं. एकालाच भरघोस मिशा आहेत, बाकी तिघांना नाहीत किंवा असल्या तर ओठांच्या कडेला पुसटशा. लपायला तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकलाय, दोन्हीकडून उघडा. मार्चमध्ये एका सकाळी पाइपबाहेर केशरी अंड्यांचा घोस पडलेला दिसला, दुसऱ्या दिवशी तो पांढरा पडला. मेमध्ये पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, हीटर वाढवा. तर यातले नर किती, माद्या किती, आणि पिल्लं मिळवायची तर काय करायचं?

तुमची मूळ अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. बहुतेकांचं घोडं अंडी मिळण्यापाशीच अडतं, तुमचं तिथे अडलेलं नाही. तुमच्याकडे मादी तयार होते आहे, अंडी घालते आहे, तेही दोनदा. बिनसतंय ते अंडी पडल्यानंतरच्या दहा दिवसांत, आणि त्या दहा दिवसांचा सगळा कारभार एकट्या नराकडे असतो. मादी अंडी घालून निघून जाते, ती परत वळूनही बघत नाही. म्हणजे नर कोण, त्याचं बीळ कसं आहे आणि तिथे त्याला कोणी निवांत बसू देतं का, हे आधी पाहायला हवं. हीटरचा नंबर फार मागून.

मी सहकारनगरला राहते, तेरा वर्षं हे मासे पाळते आहे आणि घरात तीन टाक्या निव्वळ यांच्यासाठी आहेत. खाली लिहितेय ते माझ्या टाक्यांत दिसलेलं. तुमची टाकी मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही ठिकाणी ‘असं असेल तर’ म्हणावं लागेल, ते चालवून घ्या.

आधी एक शंका काढून टाकू. चौघेही ब्रिसलनोजच आहेत ना? दुकानात काचेला चिकटणारं सगळंच ‘सकर’ म्हणून विकलं जातं. माझी पहिली ‘ब्रिसलनोजची जोडी’ अशीच होती. नराला मिशा आल्या, मादी मात्र वाढतच राहिली. वर्षभरात ती वीतभर लांब झाली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हा साधा प्लेको आहे, जो दीड फुटापर्यंत जाऊ शकतो. दोघांची जोडी जमेल म्हणून मी आठ महिने वाट पाहत बसले होते. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठीवरचा पर. तो उभारला की त्यातल्या काड्या मोजा. पुढचा जाड काटा सोडून ब्रिसलनोजला साधारण सात असतात, साध्या प्लेकोला दहा किंवा जास्त, आणि त्याचा पर शिडासारखा मोठा दिसतो. शिवाय दीड वर्षात तुमचे मासे चार-पाच इंचांवर थांबले असतील तर काळजी नको. ब्रिसलनोज तेवढाच होतो.

आता नर-मादी. सगळे मिशा बघतात, मीही बघते, पण मिशा कुठे उगवल्यात हे बघते. पूर्ण वाढलेल्या नराच्या मिशा नाकाडाच्या मधोमध वर चढतात, कपाळाच्या दिशेने, आणि टोकाला त्यांना फाटे फुटतात. मादीला मिशा नसतातच असं नाही. तिच्याही वरच्या ओठाच्या कडेने आखूड, बिनफाट्याच्या मिशांची एक ओळ असू शकते, पण ती कडेवरच थांबते, वर चढत नाही. तुम्ही ‘पुसटशा’ म्हणता त्या बहुधा याच. फक्त बहुधाच म्हणते, कारण एक घोळ आहे. एका टाकीत एक नर दांडगा असला की दुसऱ्या नराच्या मिशा खुरटलेल्या राहतात. माझ्याकडे एक असा होता. त्याला दोन वर्षं मी मादी समजत होते, नावही ठेवलं होतं ठमी. जागा हवी म्हणून ठमीला वेगळ्या टबात हलवलं आणि दोन महिन्यांत तिला झुपकेदार मिशा आल्या. म्हणून मिशांवर एकदम निकाल देऊ नका.

मिशांच्या जोडीला मी दोन गोष्टी बघते. पहिली, गालावरचे काटे. कल्ल्याच्या झाकणाखाली, गालाच्या बाजूला वाकड्या काट्यांचा एक जुडगा असतो. नराचा तो मोठा असतो आणि भांडताना तो फुलवतो. या माशाच्या प्रजातीचं नाव अँसिस्ट्रस, ते गळाला म्हणतात त्या ग्रीक शब्दावरून आलंय, म्हणजे मिशांवरून नाही, या काट्यांवरून. जाळीत पकडलात की हेच काटे जाळीत अडकतात, म्हणून जाळी वापरू नका, प्लॅस्टिकच्या डब्यात हाकला. दुसरी गोष्ट म्हणजे वरून दिसणारा आकार, आणि माझा जास्त भरवसा यावरच आहे. टाकीचं झाकण काढा, फिल्टर दोन मिनिटं बंद करा म्हणजे पाणी स्थिर होईल, आणि बरोबर वरून फोटो काढा. नराचं डोकं रुंद, जवळजवळ फावड्यासारखं, आणि तिथून शेपटीकडे तो सरळ निमुळता होत जातो. मादीचं डोकं अरुंद आणि पोटाशी फुगवटा. अंडी भरली की तो फुगवटा पेरूसारखा दिसतो, आणि काचेला चिकटली असेल तर पातळ कातडीआडून केशरी रंग डोकावतो.

वय मात्र लागतं. दोन इंचाच्या आतल्या पिल्लाचं लिंग सांगणारा दुकानदार एक तर देव असतो किंवा त्याला जोडी खपवायची असते. मिशा साधारण पाच-सहा महिन्यांचे असताना दिसू लागतात आणि वर्षाच्या आसपास मासा अंडी घालण्याजोगा होतो. नव्याने सुरू करणाऱ्याला मी नेहमी सांगते, जोडी विकत घेऊ नका, सहा पिल्लं घ्या आणि वाढवा.

मिशा नरालाच का, याचं एक मजेशीर उत्तर १९९९ साली साबाज, आर्मब्रुस्टर आणि पेज या तिघा संशोधकांनी मांडलं. बिळात आधीच पिल्लं सांभाळत असलेला नर मादीला जास्त पसंत पडतो, आणि नाकावरच्या वळवळत्या मिशा लांबून नेमक्या पिल्लांसारख्या दिसतात. म्हणजे रिकाम्या घरात बसून ‘बघा, माझ्याकडे लेकरं आहेत’ असा देखावा! हा अंदाज आहे, अंतिम शब्द नाही. पण तिच्यासमोर बिळाच्या तोंडाशी बसून मिशा पुढे करणारा नर एकदा पाहिलात की ते पटायला लागतं.

मादी आहे हे तुमच्या अंड्यांनी सिद्ध केलं. नर आहे हे मात्र नाही. नर नसतानाही मादी कधी कधी अंडी टाकून मोकळी होते. ती अंडी फळलेली नसतात, ती पांढरी पडणारच. पण न सांभाळलेली चांगली अंडीसुद्धा एक-दोन दिवसांत बुरशीने पांढरी होतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून कारण सांगता येत नाही. तुमच्याकडे एक ठसठशीत मिशीवाला आहे आणि घोस पाइपच्या तोंडाशीच सापडला, दोन्ही वेळा. त्यामुळे माझा कौल असा की नर आहे, अंडी आतच घातली गेली, आणि तिथून ती बाहेर आली. ती का आली हे पाइपकडे बघितलं की कळतं.

तीन इंची आणि आरपार पाइप म्हणजे त्याच्या दृष्टीने घर नाही, बोळ आहे. एका बाजूला तो बसला की दुसरीकडून बोटिया आत. हा मासा बिळात बसतो तो अंगाने तोंड बंद करून. आधी मादीला आत कोंडून ठेवतो, अंडी घालून झाली की तिला बाहेर काढतो आणि मग स्वतः बूच होऊन बसतो. त्यामुळे बिळाची रुंदी त्याच्या पसरलेल्या परांपेक्षा जेमतेम जास्त हवी, लांबी त्याच्या लांबीच्या दीडपट आणि मागची बाजू बंद. चार-साडेचार इंची नराला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ५० एमएमचा पाइप पुरतो. लहानखुरा असेल तर ४०चा. सहा-सात इंचाचा तुकडा घ्या, मागे एंड कॅप बसवा, कॅपला एक बारीक भोक पाडा म्हणजे आत पाणी कोंडणार नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवर अंड्यांची पकड सुटते, म्हणून पाइपच्या आतून पॉलिश पेपर फिरवून खरबरीत करून घ्या. ज्यांना पाइप बघवत नाही त्यांच्यासाठी दुसरा रस्ता: मी कसब्यात कुंभारवेशीतून मातीची बिळं करून आणली होती. कारागिराला आधी कळेना काय हवंय. शेवटी मी म्हटलं, ‘मोठी चिलीम समजा, पण मागून बुजवलेली.’ तेव्हा तो हसला आणि पाच मिनिटांत दोन करून दिली. रंग किंवा चकाकी न चढवलेली, नुसती भाजलेली माती हवी. अंडी तिला अशी चिकटतात की काढायची झाली तर हाताने सोडवावी लागतात.

पाइप हलका असतो, लोळतो, आणि लोळणारं घर नराला अजिबात चालत नाही. सिलिकॉनने तो एखाद्या फरशीच्या तुकड्याला चिकटवा. इथे एक बारकी गोष्ट. गच्चीवर शहाबादी किंवा कडप्प्याचे तुकडे पडलेले असतात, ते नको, दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत आणि पाण्याचा जडपणा वाढवत राहतात. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा घ्या. बीळ फिल्टरच्या धारेसमोर ठेवू नका, पण मेल्या कोपऱ्यातही नको. तोंड काचेच्या बाजूला थोडं तिरकं ठेवलंत तर तुम्हालाही आतलं दिसेल.

दुसरं कारण मे महिना. मेमध्ये हीटर वाढवणे हा सल्ला पुण्यात कोणी देऊ शकतं याचंच मला नवल वाटतं. माझ्या घरात तेव्हा हीटर बंद असूनही पाणी ३१ अंशांवर जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३१ अंशांना ७.४, आणि पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच असल्याने प्रत्यक्षात याहून थोडा कमीच. नेमकी त्याच वेळी माशाची आणि अंड्यांची गरज वाढलेली असते. बिळाच्या टोकाशी, घोसाच्या मधल्या अंड्यांपर्यंत प्राणवायू पोचायला नर दिवसरात्र परांनी वारा घालत असतो. त्याला ते झेपेनासं झालं की तो घोस ढकलून देतो. मला २५-२६ अंश सगळ्यात लाभतं. उन्हाळ्यात एअर पंप जोरात ठेवा, झाकणाऐवजी जाळी टाका आणि वरून छोटा पंखा सोडा. दोन-तीन अंश सहज उतरतात.

आणि मादीने अंडी घालायला ऊब लागतच नाही, उलट थोडा गारवा लागतो. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला हा मासा, पावसाचं ताजं पाणी आलं की त्याला घर मांडायची आठवण होते. माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या आहेत, पहिला चांगला पाऊस झाला की दोन-तीन दिवसांत. इतर वेळी मी एक तृतीयांश पाणी बदलते, आणि नवं पाणी टाकीपेक्षा तीनेक अंश गार घेते. त्यासाठी बाल्कनीत एक मातीचा रांजण ठेवलाय. फ्रिज नको, बर्फ नको, रांजणातलं पाणी आपोआप तेवढं गार असतं आणि रात्रभर राहिल्याने क्लोरीनही बरंच उडून जातं. तरी अँटीक्लोरीनचे थेंब घालतेच. हे दोन-तीन दिवस ओळीने केलं, आणि त्याआधी आठवडाभर मादीला वाटाणा, कोळंबीचा बारीक तुकडा असं चारलं, तर सहसा काम होतं. एकदा लय लागली की मग काहीच करावं लागत नाही, दर पाच-सहा आठवड्यांनी घोस ठरलेला.

पाण्याचं मी फार मनावर घेत नाही. खडकवासल्याच्या धरणसाखळीतून येणारं पाणी सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून येतं, ते बऱ्यापैकी मऊ असतं. तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचं येत असेल तर ते जड असेल. ब्रिसलनोज दोन्हीत अंडी घालतो, आरओच्या भानगडीत पडू नका. त्याला खुपतो तो एकदम झालेला बदल, आज नळाचं आणि उद्या टँकरचं. आणि शुक्रवारचं पाणी जपून वापरा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने आणि कधी गढूळ येतं, हे पुण्यात कोणाला नव्याने सांगायला नको. अशाच एका शुक्रवारी मला घाई होती. बादली भरली, वास घेतला नाही, अँटीक्लोरीन घातलं नाही, सरळ पिल्लांच्या टाकीत ओतली. सकाळी साठ होती, संध्याकाळी अठरा. चूक सर्वस्वी माझी, आणि ती बादली मी अजून विसरलेले नाही.

सगळं जमून आलं की काय दिसतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. नर बिळातून बाहेर येईनासा होतो. काकडीचा काप टाकला तरी येत नाही. रात्री टाकीचा दिवा घालवा, टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावा आणि गुडघ्यावर बसून बघा. माझ्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. तो घोसावर अर्धा ओणवा होऊन बसलेला असतो. एक पर हलतो, मग दुसरा, मग शेपूट, मग क्षणभर सगळं थांबतं आणि परत सुरू. मधेच तोंडाने घोस चाचपतो, एखादं पांढरं अंडं निघालं तर उचलून टाकतो. अंडी साबुदाण्याएवढी, तीनेक मिलिमीटरची, पिकल्या संत्र्याच्या रंगाची, एकमेकांना चिकटलेली. तिसऱ्या दिवशी प्रत्येकात दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. पाचव्या दिवशीच्या आसपास फुटतात. बाहेर येतं त्याला मासा म्हणवत नाही, केशरी गोळीला शेपूट लावल्यासारखं काहीतरी असतं आणि ते बिळाच्या छताला चिकटून थरथरत राहतं. त्या गोळीतला बलक चार-पाच दिवस पुरतो. तोवर त्यांना खायला घालू नका, पाणी घाण होण्यापलीकडे काही होणार नाही.

पहिले दोन-तीन घोस वाया जाणं अगदी नेहमीचं आहे, हे मनात ठेवा. नवखा नर बिचकतो, घोस टाकून देतो, कधी खातोही. त्याला दर वेळी बाहेर काढून तपासत बसलात तर तो कधीच शिकणार नाही. मी पहिले तीन घोस हातच लावत नाही. चौथाही फेकला तर मग मात्र मधे पडते.

मधे पडणं म्हणजे असं. घोस मऊ प्लॅस्टिक कार्डाने सोडवायचा आणि नवीन, प्लॅस्टिकच्या चहाच्या गाळणीत ठेवायचा. घरातली चहाची गाळणी घेऊ नका, आमच्याकडे त्यावरून महाभारत झालंय. गाळणी टाकीतच, पाण्याच्या पातळीखाली अडकवायची आणि तिच्याखाली एअर स्टोन सोडायचा, म्हणजे बुडबुड्यांनी घोस हलका हलका डोलत राहील. नर परांनी जे करतो तेच. उड्या मारायला लागला तर हवा कमी करा. पांढरं झालेलं प्रत्येक अंडं टूथपिकने लगेच काढा, त्याची बुरशी शेजाऱ्यांना लागते. वेगळ्या डब्यात उबवत असाल तर मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) आकाशी रंग येईल इतपतच. मी स्वतः ते सोडलं आणि बदामाची पानं वापरते. आपल्याकडे रस्त्याकडेला छत्रीसारखा पसरलेला देशी बदाम असतो ना, त्याची आपोआप गळलेली लालसर वाळकी पानं. वाहत्या रस्त्यावरची नको, सोसायटीच्या आवारातली आणा, धुवा, टाका. पाणी चहासारखं होतं आणि बुरशी बऱ्यापैकी आटोक्यात राहते.

पिल्लं हिंडायला लागली की लोकांना वाटतं, जिंकलो. खरी गळती तिथूनच सुरू होते, आणि ती उपासमारीने होते. टाकीत अन्न आहे पण पिल्लांपर्यंत पोचत नाही असंही होतं, म्हणून अन्न सगळीकडे पसरून ठेवा. दुधीचा काप उकळत्या पाण्यातून काढा, जुन्या स्टीलच्या काट्यात खुपसून तळाशी ठेवा. दुधी स्वस्त, बाराही महिने मिळतो आणि काकडीपेक्षा पोटाला जास्त लागतो. (आमच्याकडे माशांना दुधी आणि माणसांना सालीची चटणी अशी वाटणी आहे.) पालकाचं पान, उकडलेलं रताळं, स्पिरुलिनाची गोळी आलटून पालटून. भाजी चांगली धुवा, फवारणीचं औषध एवढ्याशा जिवांना पुरेसं असतं. मी आणखी एक करते: बादलीत गोटे बुडवून ती उन्हात ठेवते, दोन आठवड्यांत हिरवं शेवाळं धरतं, मग पाळीपाळीने दोन-दोन गोटे टाकीत. पिल्लं काचेला चिकटली की खालून पोट बघायचं. गोल आणि हिरवट म्हणजे खुशाल, आत गेलेलं म्हणजे आजच काहीतरी करा.

एवढं चारायचं तर पाणीही तितकंच बदलावं लागतं. मी दिवसाआड पाव भाग बदलते, तळ सलाइनच्या नळीने हलक्या हाताने ओढते. फिल्टर स्पंजचाच हवा, तोही निदान महिनाभर चाललेला, नवा कोरा नाही. बाहेर टांगायचा फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर सकाळी पिल्लं फिल्टरच्या पोटात मोजावी लागतात.

आता तुमच्या बोटियांबद्दल. योयो बोटिया गुणी मासा आहे, गोगलगायी साफ करतो, पण अंडी आणि नुकती हिंडायला लागलेली पिल्लं त्याच्यासाठी फरसाण आहेत. तो रात्रीही हिंडतो. एंजलही दिवसा टिपतात. दोन्ही वेळा तुमच्या नराने अंडी फेकली की बोटियांनी त्याला हैराण करून फेकायला लावली, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण माझा संशय त्यांच्यावरच आहे. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. बोटिया आणि एंजल दुसरीकडे हलवा, किंवा ब्रिसलनोजसाठी वेगळी दोन फुटी टाकी करा, म्हणजे जवळपास ५५ लिटरची. दुसरी वाट मला बरी वाटते. तीत एक नर, दोन माद्या आणि दोन बिळं. दुसरा नर नको, दोन फुटांत ते एकमेकांचे गाल फाडतात.

रंगाचंही सांगून टाकते, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. तपकिरी आणि अल्बिनो एकत्र ठेवले तर पिल्लं सगळी तपकिरी निघतील, निदान पहिल्या पिढीत. अल्बिनोचा गुण दोन्हीकडून आला तरच दिसतो. तपकिरी माशाच्या घराण्यात आधी कोणी अल्बिनो होऊन गेला असेल तर काही अल्बिनोही निघू शकतील. भावंडांतच पिढ्यान्‌पिढ्या जुळवत राहू नका, मधे कुठून तरी परका नर आणा.

आणि हे आधी ठरवा की पिल्लांचं काय करणार. एका घोसात चाळीस ते शंभर अंडी असतात. माझ्याकडची सगळ्यात जास्त मोजलेली ११४. त्यातली निम्मी जगली आणि दोन महिन्यांनी पुढचा घोस आला तरी वर्षभरात तीनशेपर्यंत मासे होतात. इंच-दीड इंचाची झाली की काही दुकानं घेतात, पैशांऐवजी खाद्य देतात, मला ते चालतं. काही नकोच असतील तर बीळ काढून ठेवा. नको झालेली मुठा नदीत सोडू नका. मुठेचं पाणी मुळेत, तिथून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. प्लेको असेच घरच्या टाक्यांतून सुटून देशात कितीतरी ठिकाणी नद्या-तळ्यांत माजलेत आणि कोळ्यांची जाळी फाडतायत.

तर सध्या एवढंच करा: ५० एमएमचं मागून बंद बीळ, बोटियांपासून सुटका, हीटर बंद. मिशीवाल्याला महिनाभर त्या बिळाचा ताबा घेऊ द्या. बाकी तिघांचे वरून फोटो काढा, पाणी स्थिर असताना, आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. त्यातला ज्याचं डोकं सगळ्यात रुंद दिसेल त्याला तूर्त वेगळ्या टबात ठेवा आणि दोन महिन्यांनी त्याच्या नाकाडाचा फोटो पाठवा. तुमच्याकडेही एखादी ठमी आहे का, ते बघू.